ओढ्याचा गाळ आणि साहेबांचा पट्टा

कडक साहेब तुम्हीही पाहिले असतील राव, पण पँट हातात धरून कडक राहणारा मी एकच पाहिला. आमच्या पिंपरीच्या प्रयोगशाळेतले देशपांडे साहेब.

पवना धरण तेव्हा नवीन होतं. जिथे कारखान्यांचं पाणी पोचत नाही, तिथल्या गाळात मुळातच तांबं-जस्त किती असतं, ते आम्हाला मोजायचं होतं. म्हणून धरणाच्या वरच्या ओढ्यावर गेलो. "गाळाला धातू लागला की नमुना फुकट!" म्हणत साहेबांनी आमच्या अंगठ्या, घड्याळं काढायला लावली. स्वतःचा पितळी बकलाचा पट्टाही काढून माझ्याकडे दिला. तेव्हापासून त्यांचा एक हात पँटला.

लाकडी डावानं गाळ काढून प्लॅस्टिकच्या पिशवीत भरला. काठावरच्या घरातल्या आजींनी आग्रहानं पिठलं-भाकरी खाऊ घातली. निघताना बघतो तर पिशवी रिकामी!

"आजी, गाळ कुठाय?"

"आमच्या ओढ्याची माती शहरात निघाली, ती काय पिशवीत धाडू व्हय?" आजींनी चिंचेनं घासून लख्ख केलेलं तांब्याचं तपेलं पुढं केलं. गाळ त्यात. "तपेलं सवडीनं आणून द्या."

साहेबांनी आजींना वाकून नमस्कार केला, एकाच हातानं. मग मला म्हणाले, "जाधव, पट्टा द्या. आता निदान पँट तरी वाचवू."