एस्थरच्या दगडावरचा शब्द

...अकरा महिने! तुम्हाला सांगतो, बायकोच्या थडग्यावर एक शब्द कोरायला अकरा महिने, आणि शब्द तरी कुठला, आमच्या नॉर्थम्बरलँडच्या डोंगरात प्रत्येक आई पोराला सांगते तोच, खाजकुयली लागली, थोल. दात दुखतोय, थोल. पण आता तो म्हणे जुना झाला, मेला, कोशात पुरला, आणि एस्थरची तर शेवटची इच्छा, 'माझ्या नावाखाली एवढंच लिही, थोललं', बस्स. चर्चच्या आवारात दगड उभा करायचा तर आधी अर्ज, आणि वरच्या ऑफिसातून उत्तर काय, तर 'येणाऱ्याजाणाऱ्याला अर्थ कळणार नाही, त्याऐवजी "देवाच्या कुशीत विसावली" चालेल.' विसावली? एस्थर? ती बाई खुर्चीत टेकलेली मी बघितलेली नाही हो...

मग फॉर्म आला. शब्दाचा अर्थ तीन ओळींत लिहा. मी लिहिलं, सोसणं. खोडलं. कारण थोल म्हणजे नुसतं सोसणं नव्हे. सोसणारा कण्हतो, शेजाऱ्याला सांगतो, माझ्यासारखा. पाय मुरगळला तर मी आठवडाभर गाव डोक्यावर घेतो, ते काही थोलणं नाही. लिहिलं, खोडलं, फॉर्म फाटला, दुसरा मागवला...

शेवटी आमच्या पाद्रीणबाई घरी आल्या, फिलिपा, इंग्लंडच्या दक्षिणेकडच्या, वयानं माझ्या मुलीएवढ्या. चहा घेतला, म्हणाल्या, "मिस्टर डॉड, अर्थ राहू द्या. एस्थरनं कधी थोललं, तेवढं सांगा."

आता काय सांगायचं? बावन्न वर्षांत कुणाला सांगितलं नव्हतं. आमचं पहिलं बाळ, टॉमस, एप्रिलमधलं. मेंढ्या विण्याचे दिवस. दोन दिवस जगला. तिसऱ्या दिवशी पहाटे मी खाली आलो तर ही स्वयंपाकघरात चुलीशी, आई मेलेली दोन कोकरं मांडीवर, बाटलीनं दूध पाजतेय. डोळ्यांत पाणी नाही. मी म्हटलं, "अगं, रड तरी." तर म्हणाली, "थोलायचंय हे. तू आपला बोलत राहा, विल्फ. हवेवर बोल, मेंढ्यांवर बोल. तू कुरकुरलास की मला बरं वाटतं."

म्हणून मी बोलत राहिलो. बावन्न वर्षं. लोकांना वाटतं म्हातारा बडबड्या आहे... असो.

पाद्रीणबाईंनी कप बाजूला ठेवला. पेन काढलं आणि फॉर्मवर स्वतःच लिहिलं. तीन ओळींत मावेना, मागच्या बाजूलाही लिहिलं. थोल म्हणजे नुसतं सोसणं नव्हे, हे त्यांना बरोब्बर कळलं, आणि वरच्यांनाही कळलं असावं, कारण पंधरा दिवसांत परवानगी आली.

काल दगड बसला. आमचा पाथरवट रॉब्सन, शाळेपासूनचा दोस्त, धूळ झटकत म्हणतो, "विल्फ, खाली तुझ्यासाठी जागा सोडलीय. तोच शब्द कोरू ना रे तुलाही?"

मी म्हटलं, नको. मला तो शोभायचा नाही, मी एक दिवस तोंड मिटून काढलेला नाही. माझ्या नावाखाली लिही, 'हा बोलत होता.'

रॉब्सन हसला नाही. दगड पुसत म्हणाला, "लिहितो. पण त्यासाठी नवा अर्ज लागेल."

घ्या. आता थोला.