हनुवटीवरचा केस

जपानमधल्या कानाझावा शहरातल्या फोटो स्टुडिओत किकुए आपल्या नंबराची वाट पाहत होती. पडद्यामागे फुसाए आजी स्वतःच्या अंत्यविधीला ठेवायचा फोटो जिवंतपणीच फोटोग्राफरकडून काढून घेत होत्या; दोघांचं बोलणं तिला बाहेर ऐकू येत होतं.

"आजी, कॅमेऱ्यात नवा सेन्सर आहे, चांगला मोठा. केस न् केस दिसतो, बघा."

"मेल्या, हनुवटीवरचासुद्धा? लोक मला हात जोडतील की तो केस बघत बसतील?"

"संगणकावर सगळं पुसतो. सुरकुत्यासुद्धा."

"सुरकुत्यांना हात लावशील तर खबरदार! ब्याऐंशी वर्षं लागलीत त्यांना. केस तेवढा काढ."

"काढला. बघा आता."

"हं. आता मरायला हरकत नाही."

"पुढच्या वर्षी याहून बारीक टिपणारा कॅमेरा येतोय, आजी."

"अस्सं? मग आमच्या थोरल्या जाऊबाईंना पुढच्या वर्षीचीच वेळ दे."