मधे माणूस लागत नाही

…तर तुम्हीच सांगा, आधी बिघडलं काय होतं? कागदाच्या गिरणीत मी या टोकाला, सुकवणीच्या रोलवर, आणि माझा सख्खा दादा त्या टोकाला, गुंडाळणीवर. मधे अख्खी शेड आणि धावता कागद; वेग माझ्या हातात. कागद सैल पडला की दादाचा फोन, "कमी कर." "केलं." ताणला की, "वाढव." "वाढवलं." बास! आईच्या आजारपणात तिला कुणी ठेवायचं यावरून आमचं जे वाजलं ते वाजलं. आई गेली, अबोला राहिला. बोलणं म्हणाल तर एवढंच, पण रोज होतं हो! आणि तुम्हाला सांगतो, एकदा "कमी कर" म्हणाला आणि फोन ठेवेचना… मग हळूच, "खोकतोयस का रे?" खोकला केव्हाच गेला, पण पुढे कितीतरी दिवस मी फोन उचलला की आधी खोकून घ्यायचो.

मग आले हे ड्राइव्ह. मोटारीला वेग सांगणाऱ्या पेट्या, दुसरं काय! साहेब कसे, हात मागे बांधून, टाचांवर डुलत, "आता हा ड्राइव्ह त्या ड्राइव्हशी थेट बोलणार. मधे कंट्रोलर नको, माणूस नको." एक वायर टाकली इथून तिथवर. तिकडे ताण वाढला की इकडे कळतं, इकडे वेग बदलला की तिकडे कळतं… पापणी लवायच्या आत, आणि न रुसता! कागद फाटायचा थांबला, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मीही वाजवल्या. फोन? फोनवर धूळ. वाजेल कशाला? ड्राइव्ह ड्राइव्हशी बोलतो ना!

बायको म्हणते, जाऊन बोला की, दादांचा शेवटचा आठवडा, मग ते निवृत्त. अहो, जाऊन काय म्हणू? "कमी कर"? आता काय कमी करायचं राहिलंय?

शेवटी… हसू नका… ती वायर उपटली. म्हटलं, पेट्या मुक्या झाल्या की कागद सैल पडेल, दादा फोन उचलेल. कुठलं काय! एकमेकांचा आवाज बंद झाल्याबरोबर दोन्ही ड्राइव्ह जागच्या जागी थांबले. आमच्यासारखं नाही, अबोला धरून वर्षानुवर्षं फिरत राहायचं.

शेड चिडीचूप. एकीकडून साहेब धावत, दुसरीकडून दादा, सावकाश चालत. आई गेल्यापासून इतका जवळ आला नव्हता. केस किती पिकलेत त्याचे… वायर माझ्या हातात, आणि नेमका तेव्हा खोकलाही येईना! दादानं वायर घेतली, खोचली, टक् वाजेपर्यंत दाबली आणि साहेबांना म्हणाला, "उंदरानं ओढली असेल. ह्याला काही बोलू नका." वळला आणि गेला.

मला रडू आवरेना. म्हटलं, "साहेब, दादाला एवढं सांगाल? खोकला बरा आहे म्हणावं."

साहेब गेले बिचारे सांगायला. काय करणार… ड्राइव्ह ड्राइव्हशी थेट बोलतो. आमच्यात अजून मधे माणूस लागतो.