खिचडीचा साबुदाणा

खोपटच्या एसटी डेपोत मेघनाच्या पुढे रांगेत एक सासू आणि सून होत्या. त्यांचं बोलणं तिच्या कानावर पडत होतं.

“आई, काल ऋतुराजने स्वतः वरणभात कालवून खाल्ला! आधी ओल्या-चिकट कशाला बोट लावायचा नाही. शाळेत डबा कसा खाईल, हीच धास्ती होती मला.”

“त्याचे डॉक्टर म्हणालेले ना, चिखलराडा करू द्या, हाताला सवय होईल? भिजवलेला साबुदाणा परातीत ओतला, वर बिटाचं पाणी. पठ्ठ्या कोपरापर्यंत लाल!”

“म्हणजे तुमच्या चतुर्थीच्या खिचडीचा साबुदाणा?”

“दुसरं ओलं काय होतं घरात?”

“मग तुम्ही काय खाल्लंत?”

“केळं.”

“आई...”

“अगं, रडतेस काय वेड्यासारखी? लोक बघतायत.”

“बघू देत. पुढच्या चतुर्थीला खिचडी मी करणार.”

“कर. पण साबुदाणा दुप्पट भिजव. परात तो मागणारच.”