धम्मा मध्येच का थांबली

हाउन्सलोच्या बसस्टॉपवर माझ्या मागे एक आजी आणि एक तरुण जज. मुलांची मोकळ्या डोंगरावरची स्नोबोर्ड स्पर्धा आटोपून दोघं स्कॉटलंडहून परतलेले.

“राकेश, आमच्या धम्माचे मार्क का रे कापलेस?”

“मावशी, ती अर्ध्या उतारावर थांबली. सलग खाली यायचं असतं. थांबलं की मार्क जातातच.”

“पण उडी काय सुंदर मारली!”

“त्या उडीला सगळ्यात जास्त मार्क मीच दिलेत. पहिली आली असती.”

“मग थांबली का, विचारलंस?”

“विचारलं ना. म्हणाली, घाबरले.”

“धम्मा? घाबरली?”

“मलाही पटलं नाही. खालून लाल झेंडा दिसला तर थांबावंच लागतं, मग आम्ही पुन्हा वरून उतरायला देतो. पण झेंडा कोणी दाखवलाच नव्हता.”

“लाल?”

“हो. का?”

“अरे, तिची उडी बघून मला राहवेना. मी शाल काढून हलवली.”

“कुठली शाल?”

“ही बघ.”

“कोटाच्या आत घातलीत?”

“धम्मानेच घालायला लावली, खाली आल्याआल्या. ‘आजी, ही शाल आत ठेव, पटकन.’ मला वाटलं, थंडीसाठी.”