अंगठाभर फट

नाय नाय, तो डबा खाली ठेवा साहेब, तो तुमच्या कामाचा नाय. वर फोम लिहिलंय म्हणून काय झालं — फोमाफोमात फरक असतो. तुमची फट केवढी? करंगळी जाते की अंगठा? अहो लाजताय काय, दाखवा. हां, अंगठा. म्हंजे इथं बुदैयात व्हिला, जुन्या काढून नव्या ॲल्युमिनियमच्या खिडक्या, आणि बसवणाऱ्यानं भिंत नि चौकटीच्या मध्ये अंगठाभर जागा सोडून सलाम ठोकला. एसीचं बिल तुमचं, गारवा रस्त्यावरच्या मांजरांना. सगळ्यांचं हेच. आखातातल्या लढाईच्या साली इथल्या लोकांनी गॅसच्या भीतीनं खिडक्यांना टेपा मारल्या होत्या ना, चार वर्षं झाली, कोणी कोणी अजून काढल्या नायत — म्हणतात, धूळ येत नाय. तेवढं एक काम लढाईनं बरं केलं.

तर ऐका. करंगळीएवढी फट असती तर नुसतं सिलिकॉन दिलं असतं. अंगठ्याला ग्लासवूल, तो काचेचा कापूस, चालेल, पण ते हलक्या हातानं भरायचं — ठासून भरलं तर गारवा अडत नाय आणि वर अंगाला खाज सुटते, बँकेत मोठ्या साहेबासमोर खाजवत बसाल. नायतर हा घ्या, हा बारका डबा, खास खिडक्यांचा. बेताचाच फुगतो. तुम्ही उचललेला तो भिंतीतल्या भगदाडांचा. तो जावयासारखा फुगतो, थांबतच नाय. चौकट दाबतो, खिडकी वाकते, मग सरकवा बघू — मफी, सरकतच नाय. मला कसं माहीत? अठरा वर्षं या काउंटरमागे उभा आहे रहिमतुल्ला, मला नाय तर कोणाला माहीत असणार. आणि एकदा स्वतः करून बसलोय. विचारलंत म्हणून सांगतो.

इथं हिद्दला आमच्याच रत्नागिरीकडचं एक घर आहे — महमुदाभाभी आणि त्यांचा मुलगा नुमान. बोटींच्या कंपनीत आहे, चांगला पोरगा, त्याला नावं ठेवणार नाय मी. त्याचं माझ्या आतिकाशी ठरत आलं होतं. ठरत आलं म्हंजे भाभी येऊन चहा पिऊन गेल्या, आतिकाला चालवून बघितलं, तांदळाची भाकरी थापायला लावली, आणि जाता जाता म्हणाल्या, रहिमतुल्लाभाई, आमच्या नव्या खिडक्यांतून धूळ येते, तुम्ही त्यातले जाणकार. आता मुलीचा बाप — खिडकी काय, गच्चीसुद्धा डोक्यावर घेतली असती. शुक्रवारी गेलो. पिशवीत दोन्ही डबे — मोठा एसीच्या पाइपाच्या भोकासाठी. बाहेरून शिडी लावून चढलो, आणि साहेब, अंगठाभर फटीतून आतलं सगळं ऐकू येतं. भाभी बहिणीला सांगत होत्या, पोरगी सावळी आहे गं, पण बाप हाताशी येईल, गिझर आहे, टाकी आहे दुरुस्तीला. दोघी हसल्या. मी शिडीवर, वर ऊन. पिशवीत हात घातला तर मोठा डबा हाताला लागला. चुकून. अख्खा रिकामा केला बैठकीच्या खिडकीत. हसताय काय, चुकून म्हणतोय ना.

दुसऱ्या दिवशी खिडकी जी अडकली ती अडकलीच. भाभींनी चार घरांत सांगितलं, ज्याला खिडकी धड करता येत नाय त्याच्या मुलीला संसार काय जमणार. निरोप बंद. खलास. मी म्हटलं बरं झालं, तसल्या घरात देऊन करायचंय काय.

आतिका? ती काय म्हणणार. क्लिनिकमध्ये रिसेप्शनला असते. इथंच शिकली, मी मराठीत विचारतो, ती इंग्लिशमध्ये उत्तर देते. रोज जेवताना म्हणते, अब्बा, एनी कॉल? मी म्हणतो, नाय. तीन महिने झाले. तिला वाटतं, रंगावरून मोडलं. आरशासमोर उभी राहून कसलं क्रीम चोळते. बघवत नाय मला. मग सांगत का नाय? काय सांगू, बापानं डबा बघून, वाचून, निवडून घेतला? हां, निवडून. झालं समाधान?

आणि फोन येतो. आमच्यात मुलगा मुलीला फोन करत नाय, बापाला करतो. नुमाननं पहिल्याच आठवड्यात केला, इथं, दुकानात. अंकल, फोम मी कापून काढला, अम्मीला मी समजावतो, मला आतिकाशीच निकाह करायचाय. सरळ बोलला पोरगा. मी म्हटलं, राँग नंबर. आवाज ओळखला असणारच त्यानं. तरी रोज करतो, दुपारचं दुकान बंद व्हायच्या आधी. मी आता उचलतच नाय.

का म्हंजे? त्याच्या आईनं — नाय, आईचं जाऊ द्या. आमची नसीमा, आतिकाची आई, जाऊन सहा वर्षं झाली. आतिका हिद्दला गेली की सनाबिसच्या फ्लॅटमध्ये मी आणि एसी. एवढंच आहे ते. भीती वाटते मला. पंचावन्न वर्षांच्या घोड्याला रिकाम्या घराची भीती वाटते, हसा आता.

हां, वाजतोय. ऐकू येतंय, कान शाबूत आहेत माझे. वाजू द्या. बरोबर दहा वेळा वाजतो आणि थांबतो — तुम्ही डबा घ्या, नळी झाकणात आहे, आधी भिंतीला जरा पाणी मारा, अर्धीच फट भरा, बाकी तो स्वतः भरतो. असं बघू नका माझ्याकडे. तुम्हाला मुलगी आहे? केवढी? आठ वर्षांची? मग अजून बारा वर्षांनी या, तेव्हा मला शहाणपण शिकवा. फोनला हात लावू नका साहेब, तो तुमचा नाय. उद्या उचलीन मी. उद्या नक्की, इंशाल्ला, उद्या —

थांबला.

सातच वाजले ना? तुम्ही मोजले? मी सातच मोजले.

जा साहेब तुम्ही. दुकान बंद करायचंय.