गुरुजींचे ठोके माझ्या मोबाईलात

…अवो, घड्याळ दाखवायचं तर सरळ दाखवावं की मानसानं! पर न्हाई. आमचे शेजारी नृसिंह गुरुजी आधी शर्टाची बाही दोन घड्या वर घेनार, मंग उगाच कान खाजवनार, मंग म्हननार, "बाबाजानभाई, आज सहाच हजार पावलं झाली हो…" आन् ती बाही शिवली कुनी? मी! बेलापुरात तीस वर्षं शिलाईकाम करतोय, त्यांचं मनगट झाकंल अशीच बाही शिवली हुती मी! मी जळत न्हाई हां, तुमाला नुसतं सांगतो.

त्यांची लेक मनवा कॅनडात. तिनं घड्याळ धाडलं. पावलं मोजतं, झोप मोजतं, छातीचे ठोके मोजतं. पर गुरुजींचा मोबाईल असा जुना, की त्यात ते ॲप बसंना. मंग आले माझ्याकडंच! "तुमच्या मोबाईलवर चालू करून द्या ना." दिलं. म्हनजे बघा, घड्याळ त्यांचं, मिरवनार ते, आन् खातं माझ्या नावाचं!

तवा मी बी पुन्याला फोन लावला. "उझ्मा, बापाला पन छाती हाय का न्हाई?" पोरगी बिचारी, आठ दिवसांत घड्याळ आलं. तेबी त्याच खात्याला जोडलं. आन् काय सांगू, पयल्याच दिवशी चौदा हजार पावलं! जहिरा, माझी बायको, म्हनली, "दिवसभर मशीनवर बसून चौदा हजार? पाय मशीनचे मोजले का काय?" आता ही घरची मानसं! पर मी गुरुजींना प्रवरेच्या पुलावर गाठलं, बाही वर केली, म्हनलं, "चौदा!" त्यांचं तोंड असं पडलं… मी जळत न्हाई, पर बरं वाटलं हो.

मंग चार दिवसांनी सकाळी मोबाईल कोकलला. ठोके अडतीस! मी माझ्याच छातीला हात लावून बघितला, गरम हाय, म्हनजे जिता हाय. थोड्या वेळानं छत्तीस! जहिरा रडायलाच लागली. गेलो पळत श्रीरामपूरला दवाखान्यात. डॉक्टरांनी छातीला वायरी लावल्या, कागद काढला, म्हनले, "अहो, ठोके अठ्ठ्याहत्तर आहेत! काही झालेलं नाही तुम्हाला."

"मंग हे छत्तीस कुनाचे?"

तिथं रोहिणी म्हनून सिस्टर हाय. तिनं मोबाईल घेतला, कुठंतरी आत गेली, 'जोडलेली उपकरणे' अशी यादी उघडली. म्हनली, "काका, खात्यात घड्याळं दोन आहेत. एक तुमचं. आणि ह्या दुसऱ्यावर नाव आहे नृसिंह गुरुजी… ठोके ह्यांचे आहेत. पावलंसुद्धा दोघांची मिळून दिसतायत."

तुमाला सांगतो, चौदा हजारांचं जाऊ द्या. मला आठवलं, चार दिवस झाले गुरुजी पुलाच्या कठड्याला धरून उभे ऱ्हात्यात. मला वाटायचं, हरले म्हनून रुसलेत!

रिक्षा करून घरी आलो तर गुरुजी ओट्यावर बसलेले, अंगाला दरदरून घाम. म्हनले, "काही नाही, पित्त आहे. तुमच्या चौदा हजारांच्या मागे जरा जास्त चाललो." आता ह्या मानसाला काय म्हनावं? पित्त! गाडी बोलावली, आत घातलं आन् नगरच्या मोठ्या दवाखान्याकडं निघालो. वाटंत त्यांचं डोकं माझ्या खांद्यावर. घड्याळ मनगटावर, आकडा माझ्या हातातल्या मोबाईलात. छत्तीस… पस्तीस… चौतीस… तवा पयल्यांदा म्हनलं, या अल्ला, ह्यांचा आकडा माझ्यापुढं जाऊ दे! किती बी पुढं जाऊ दे!

गेला. वाचले गुरुजी. मनवा कॅनडाहून फोनवर रडत म्हनली, "काका, तुम्ही होतात म्हणून…" आन् मी तर ह्याच मानसाला पुलावर हरवत हुतो!

चौथ्या दिवशी भेटाया गेलो. गुरुजी उशीला टेकून बसलेले, लई टवटवीत. मला बघितलं आन् सदऱ्याचं वरचं बटन काढलं… हळूच… आधी कान खाजवला! म्हनले, "बाबाजानभाई, पेसमेकर! थेट आत बसवलाय. दहा वर्षं चार्जिंग नको, पावसात भिजला तरी चालतो."

अवो, दहा वर्षं! माझं घड्याळ दिवसाआड बंद पडतंय! मी जळत न्हाई… पर बाहेर आल्यावर डॉक्टरांना बाजूला घेऊन विचारलं, "साहेब, एखादा मला बी बसवता येईल का? साधा, बारका असला तरी चालंल."

डॉक्टर हसले, पाठीवर थाप मारली. "भाई, तो ज्यांना गरज असते त्यांनाच बसवतात. तुम्ही अगदी ठणठणीत आहात!"

आता मला सांगा, ठणठणीत मानसानं चारचौघांत दाखवायचं तरी काय?